माळावरची लोकर, हातची टकळी आणि दोन सुया

नळदुर्गच्या आसपासचा माळ हा दख्खनी मेंढीचा मुलूख आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, गवत खुरटे. अशा जागी दिवसभर चालत चरणारी ही काटक मेंढी महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगणाच्या कोरड्या पट्ट्यात शतकानुशतके पाळली गेली. तिचे महाराष्ट्रात लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे चार प्रकार मानतात. सोलापूर शहर नळदुर्गपासून जेमतेम ५० किलोमीटरवर असल्याने त्यांतला सोलापुरी प्रकार या भागाला सर्वांत जवळचा. मेंढीमागे धनगर आणि धनगरामागे खंडोबा हेही इथे ओघानेच येते. अणदूर आणि नळदुर्गजवळचे मैलारपूर या दोन ठिकाणी एकाच खंडोबाचे आळीपाळीने वास्तव्य असते. वर्षातले बहुतेक महिने देव अणदूरला असतो आणि उरलेले मैलारपूरला. पौष पौर्णिमेला मैलारपूरची मोठी यात्रा भरते. त्या थंडीत माळावर उघड्यावर रात्र काढणाऱ्याच्या अंगावर पूर्वी घोंगडी हमखास दिसे.

हौसेने लोकर कातणाऱ्या आणि सुयांवर विणणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा मुलूख श्रीमंत आहे. लोकर, ती पिंजण्याची आणि कातण्याची विद्या, शिवाय घराघरांतली विणकामाची सवय, असे सगळेच इथे आहे. मात्र सुयांवर विणणारे हात आणि माळावरची लोकर यांची गाठ क्वचितच पडते. विणणारी बाई दुकानातून रंगीत गुंडा आणते आणि तिच्या गावच्या शिवारातली लोकर उकिरड्यावर जाते.

असे होण्याचे मुख्य कारण लोकरीच्या पोतात आहे. लोकरीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाड असतो. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की त्याची टोके कातडीला टोचू लागतात, कारण जाड टोक वाकत नाही, रुतते. दख्खनी लोकर या मर्यादेच्या बरीच पुढची. तिच्यात केसाळ तंतूंचे प्रमाण मोठे असते आणि अशा पुष्कळ तंतूंचा गाभा गव्हाच्या काडीसारखा पोकळ असतो. अंगाशी घालायच्या स्वेटरला ती चालत नाही, हे खरेच. पण तिचे गुणही याच भरडपणातून आलेले आहेत. ती झिजत नाही, दबली तरी पुन्हा उभी राहते, पावसाची सर अंगावर घेते आणि आत लवकर झिरपू देत नाही. कोणतीही लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओल हवेतून शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. ठिणगी पडली तर ती भडकत नाही, करपून विझते. मेंढपाळाला रानात नेमके हेच गुण हवे होते.

मेंढ्यांची कातरणी वर्षातून दोनदा होते, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा उन्हाळ्यात. आधी मेंढ्या नदीत किंवा तळ्यात धुतात, अंग वाळू देतात आणि मग हातकातरीने लोकर उतरवतात. एका मेंढीची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती सर्वांत मऊ असते. जावळाच्या घोंगडीचा मान आणि मोल दोन्ही मोठे, कारण एका घोंगडीपुरते जावळ जमायला पुष्कळ कोकरे लागतात. सुयांवर विणणाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. दख्खनी कळपातून अंगालगत घालण्याजोगे काही मिळाले तर ते जावळातूनच मिळेल.

घोंगडीचे काम घराघरांत वाटलेले असे. मेंढ्या राखणे धनगराचे, लोकर पिंजणे आणि कातणे बहुतेक ठिकाणी बायकांचे आणि मागावर विणणे खुटेकर धनगरांचे किंवा सणगरांचे. पिंजताना धनुकलीची तात लोकरीवर छेडतात. तिच्या कंपाने गुंते सुटतात, धूळ आणि कुसळे खाली पडतात आणि लोकर फुलून येते. कातलेला धागा केसाळ असतो. तो तसाच मागावर घेतला तर शेजारच्या धाग्यात गुंततो. म्हणून ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, टरफल काढून, दळून, पाण्यात शिजवले की चिकट लापशी तयार होते. ती ताणलेल्या धाग्यांवर कुंच्याने फासतात आणि वाळू देतात. धाग्याचे सगळे केस त्यात बसून जातात आणि ताणा कडक होतो. नव्या कोऱ्या घोंगडीचा तो कडकपणा या खळीचाच असतो, वापरात आणि धुण्यात तो उतरत जातो. घोंगडीचे एक टोक मुडपून केलेली खोळ डोक्यावर घेतली की मेंढपाळाची छत्री झाली.

नळदुर्ग ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तिथे कातण्याचा इतिहास घोंगडीच्याही पलीकडे जातो. जिल्ह्यातले तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगराहून साधे कापड आणि तलम कापडाचे अनेक प्रकार गाड्यांतून बॅरिगाझाला, म्हणजे आजच्या भरुचला जात, अशी नोंद आहे. त्या कापडाचा एकूणएक धागा हाताने फिरवलेल्या चातीवर निघालेला होता, कारण चरखा तेव्हा नव्हताच. चरख्याचा भारतातला सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख इसामीच्या ‘फुतूह-उस-सलातीन’ या १३५०च्या फारसी काव्यात येतो, असे इतिहासकार इरफान हबीब यांनी दाखवले आहे. ते काव्य दख्खनमध्ये, बहमनी सुलतानाच्या आश्रयाने पुरे झाले.

विसाव्या शतकात कातण्याला वेगळाच अर्थ आला. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. दरमहा २,००० वार सूत दिल्याशिवाय सभासद होता येणार नाही, हा नियम तिथे पक्का झाला. तो फार काळ टिकला नाही, पण सुशिक्षित, पांढरपेशा घरांतल्या पुरुषांच्या हातीही त्यामुळे टकळी आली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनी पेटीत मावणाऱ्या चरख्यावर बरेच प्रयोग केले आणि तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला गेला. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर नई तालीमच्या शाळांत मुले टकळीवर सूत कातू लागली. सूत मोजण्याची मापे याच काळात घरोघर पोचली. चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी आणि ६४० तारांची गुंडी. वर्षातून एक गुंडी स्वतः कातून १२ फेब्रुवारीला अर्पण करायची ‘सूतांजली’ विनोबांच्या प्रेरणेने सुरू झाली. निजामाच्या राज्यात असलेल्या मराठवाड्यालाही राष्ट्रीय शिक्षणाचे वारे लागले होते. नळदुर्गजवळच्या लोहारा तालुक्यातल्या हिप्परगा गावी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती १९६७ पासून काम करते आहे. तिरंग्यासाठी खादीचे कापड तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांत तिची गणना होते.

हौसेने कातायला बसणाऱ्याला एवढा पसारा लागत नाही. एक टकळी आणि मूठभर लोकर पुरते. कापसाची टकळी म्हणजे वीतभर धातूची काडी, तिच्या खालच्या बाजूला छोटी चकती आणि वर धागा अडकवायला आकडा. कापसाचा तंतू आखूड असल्याने त्याला पीळ भरपूर आणि झटपट लागतो, म्हणून टकळी हलकी असते आणि ती वाटीत किंवा ताटलीत टेकवून फिरवतात. लोकरीचा तंतू लांब असतो. त्याला कमी पीळ पुरतो, म्हणून लोकरीची टकळी जरा जड, लाकडी चकतीची असते. ती हवेत लोंबती सोडली तरी चालते, धाग्याला तिचा भार पेलवतो.

कच्ची लोकर हाती आली की प्रथम ती निवडायची. काळी, करडी, पांढरी वेगळी करायची. पोटाखालची मळकी आणि पायांकडची भरड बाजूला काढायची. गोखरू आणि कुसळे बोटांनी वेचायची. या कामाला कंटाळून चालत नाही. राहिलेले एक कुसळ पुढे धाग्यात येते आणि विणलेल्या कापडातून वर्षभर टोचत राहते. मग कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून लोकर त्यात नुसती बुडवून ठेवायची. घुसळायची नाही, पिळायची नाही, गरम पाण्यातून एकदम गारात टाकायची नाही. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. उष्णता, साबण आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा घट्ट नमदा होतो. तो पुन्हा सुटत नाही. सावलीत वाळलेली लोकर तारेच्या दातांच्या दोन फळ्यांवर विंचरली की तिच्या हलक्या वळकट्या करता येतात. कापसाच्या पेळूसारखाच त्यांचा उपयोग.

आता खरे कातणे. टकळीला तयार धाग्याचा हातभर तुकडा बांधून त्याच्या टोकाशी वळकटीची कड लावायची. उजव्या हाताने टकळीला गती द्यायची. डाव्या हाताच्या चिमटीने वळकटीतले तंतू थोडे थोडे ओढत राहायचे. पीळ खालून वर चढत येतो आणि चिमटीपाशी थांबतो. चिमटीच्या खाली धागा असतो, वर अजून सुटे तंतू. सारे कसब या एका जागी आहे. चिमूट वेळेआधी सुटली तर पीळ सरळ वळकटीत शिरतो आणि तिथे गाठोडे होते. तंतू पीळ पोचण्याआधी जास्त ओढले गेले तर धागा तुटतो आणि टकळी खाली पडते. नवशिक्याची टकळी सारखी पडते, ते शिकण्याचाच भाग आहे. तुटलेली टोके पिसारून एकमेकांवर ठेवली आणि टकळी फिरवली की जोड लागतो, गाठ मारावी लागत नाही. हात बसला की बोटांना तंतूंची जाडी डोळ्यांच्या आधी कळते. मग कातणारा गप्पा मारत, ओट्यावर बसून, आमटीला उकळी येईपर्यंतही चार हात धागा काढू शकतो.

एकेरी धागा सुयांवर घेऊ नये. त्यात एकाच दिशेचा पीळ कोंडलेला असतो आणि त्याने विणलेले कापड तिरके होत जाते. चौकोन विणायला घ्यावा तर त्याचे कोन सरकतात. म्हणून दोन एकेरी धागे एकत्र धरून टकळी उलट दिशेने फिरवायची. उलट पिळाने मूळचा ताण उतरतो आणि धागा दुपदरी, गोल आणि बळकट होतो. याची परीक्षा सोपी आहे. दुपदरी धाग्याचा फास करून तो मोकळा लोंबू द्यावा. फास उघडा राहिला तर पीळ समतोल आहे, स्वतःभोवती गुंडाळला तर नाही. शेवटी लड पाण्यात भिजवून, झटकून, टांगून वाळवली की पीळ बसतो.

सुयांवरचे विणकाम मराठी घरात प्रामुख्याने बाळासाठी आले. बाळंतविड्यात टोपडी, झबली, दुपटी असत. त्यांत लोकरीचा स्वेटर, मोजे आणि कानटोपी यांची भर पडली आणि ती आजही टिकून आहे. दुसरीकडे क्रोशाच्या एका सुईने रुखवताची शोभा वाढवली. ताटावरचे रुमाल, तोरणे, टेबलक्लॉथ हे सारे साखळी, खांब आणि मुका खांब एवढ्या भांडवलावर उभे राहिले. दोन सुयांचे व्याकरण त्याहून लहान आहे. सुलट टाका आणि उलट टाका, एवढेच. सगळ्या सुया, म्हणजे ओळी, सुलट विणल्या तर जाड, दोन्हीकडून सारखे कापड होते. एक सुई सुलट आणि एक सुई उलट विणली तर पुढून गुळगुळीत. एक टाका सुलट, एक टाका उलट असे ओळभर केले की रबरासारखी ताणणारी बॉर्डर होते, ती मनगटाला आणि कमरेला. बाकी वेण्या, जाळ्या, पाने हे सारे याच दोन टाक्यांचे खेळ. जुन्या सुयांचे क्रमांक मात्र उलटे चालतात. आठ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाड, तर दहाची सव्वातीन.

दुकानात लोकर म्हणून मिळणारे बहुतेक गुंडे अॅक्रिलिकचे, म्हणजे खनिज तेलापासून बनवलेल्या धाग्याचे असतात. ते मऊ असतात, स्वस्त असतात, हवा तो रंग मिळतो आणि धुवायला सोपे जातात. रोज धुवाव्या लागणाऱ्या कपड्याला त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. पण आगीजवळ अॅक्रिलिक वितळते आणि कातडीला चिकटते, हे चुलीपाशी वावरणाऱ्या घरात विसरू नये. खरी लोकर ओळखायची तर धाग्याचे टोक जाळून पाहावे. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिकचा काळा, टणक मणी होतो.

दख्खनी लोकर हाताने कातून सुयांवर चढवायची तर विणकामाची सवय थोडी बदलावी लागते. हातचा धागा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून छापील नमुन्यातले टाके जसेच्या तसे घेऊन चालत नाही. आधी वीस टाके घालून चार बोटे उंच चौकोन विणावा, तो धुवावा, वाळवावा आणि मगच इंचात किती टाके बसतात ते मोजावे. धुतल्यावर हातचा धागा फुलतो आणि माप बदलते. जाड सुया घ्याव्यात, घट्ट विणलेली दख्खनी लोकर फळीसारखी ताठ होते. बारीक जाळ्या आणि वेण्या या केसाळ धाग्यात दिसत नाहीत, त्यावर श्रम घालू नयेत. सगळ्या सुया सुलट हा साधा पोतच इथे सर्वांत देखणा दिसतो, कारण काळ्या-करड्या तंतूंची नैसर्गिक छटा त्यात उठून येते. देवघरातले किंवा ध्यानाचे आसन, बाजाराची पिशवी, उशीचा अभ्रा, पायपुसणे, खुर्चीवरची गादी, सदऱ्यावरून घालायचे बिनबाह्यांचे जाकीट या गोष्टी तिच्या हक्काच्या. कानटोपी करायची तर आतून सुती अस्तर लावावे, म्हणजे कपाळाला टोचत नाही. टोपीला १०० ग्रॅमच्या आसपास धागा पुरतो, मोठ्या माणसाच्या स्वेटराला अर्धा किलो आणि वर.

हे काम रोजच्या संसारात बसण्याजोगे आहे आणि हीच त्याची खरी खुबी. निवडणे आणि धुणे उन्हाच्या दिवसात उरकता येते. कातणे कुठेही होते. विणणे दिव्याखाली, गाडीत, दवाखान्याच्या बाकावर. सारखे बसून मान आणि मनगट आखडतात, म्हणून दर अर्ध्या तासाला हात सोडून उठावे. लोकरीला कसर लागते. विणून झालेली वस्तू स्वच्छ धुऊन, पूर्ण वाळवून, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासह ठेवावी आणि अधूनमधून ऊन दाखवावे. मळक्या लोकरीला कसर आधी लागते.

माळावरची स्थिती मात्र चिंतेची आहे. घोंगडीची जागा गिरणीच्या ब्लँकेटने आणि सोलापुरी चादरीने घेतली. लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही आणि पुष्कळ ठिकाणी मेंढपाळाला कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही. मेंढी आता मांसासाठी पाळली जाते. त्यासाठी मोठ्या अंगाच्या, कमी लोकरीच्या जातींशी तिचा संकर होतो. काही पिढ्या असे झाले की लोकरीची दख्खनी मेंढीच दुर्मीळ होईल आणि तिच्याबरोबर पिंजण्या-कातण्याची विद्याही. या प्रश्नाकडे लक्ष वेधणारा ‘देसी ऊन’ हा भारतीय अॅनिमेशनपट २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी महोत्सवात गौरवला गेला. आपल्या माळावरची मेंढी परदेशातल्या पडद्यावर मान मिळवते आणि घरच्या अंगणात तिची लोकर फेकली जाते, ही विसंगती मोडायला फार मोठी योजना लागत नाही.

नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर किंवा सोलापूरच्या परिसरात राहणाऱ्या आणि सुया चालवता येणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या कातरणीच्या दिवसांत जवळच्या धनगरवाड्यावर जावे. दोन मेंढ्यांची लोकर रंग पाहून, रोख दाम मोजून घ्यावी आणि वाड्यावर एखादी कातणारी म्हातारी असेल तर तिच्याकडून चिमूट धरायला शिकून यावे. पहिली वस्तू आसन करावी. ते चुकले तरी बसायला चालते.